लस टोचल्यावर कुत्र्याचं अंग दुखतंय: पहिल्या दोन दिवसांत घरी काय करायचं आणि दवाखाना कधी गाठायचा

सकाळी लस टोचून आणली, दुपारपर्यंत सगळं ठीक होतं, आणि संध्याकाळी कुत्रं कोपऱ्यात जाऊन बसलं. हाक मारली तर शेपटी हलवतं, पण उठत नाही. मानेवर हात ठेवला की कळवळतं. अशा वेळी घरात दोन तट पडतात. आजी म्हणतात, ‘लस बाधली गं त्याला’, आणि कुणीतरी दादा म्हणतो, ‘होतंय असं, उद्या पळंल बघ.’ बहुतेक वेळा दादाचं खरं ठरतं. पण खरं ठरेल की नाही हे ओळखायला अंदाज पुरत नाही, घड्याळ बघावं लागतं.

लशीमुळं येणारं दुखणं टोचल्यानंतर काही तासांनी सुरू होतं, पहिल्या रात्री सगळ्यात जास्त जाणवतं आणि २४ ते ४८ तासांत उतरायला लागतं. टोचल्यावर काही मिनिटांत किंवा पहिल्या काही तासांत चेहरा सुजला, उलट्या लागल्या, तर तो वेगळा आणि धोक्याचा प्रकार. आणि दोन दिवस उलटूनही जे वाढतच जातं, त्याचं खापर लशीवर फोडून बसू नये. आत दुसरं काही असू शकतं. खाली जे काही लिहिलंय ते या वेळेच्या हिशोबानंच वाचा.

दुखतं कशानं

दवाखान्यात नीट बघितलं असेल तर ‘सेव्हन इन वन’ किंवा ‘नाइन इन वन’ (एकाच सुईत अनेक रोगांवरची) लशीच्या दोन छोट्या बाटल्या असतात. एकीत तळाला पांढरी वडी चिकटलेली, दुसरीत पातळ द्रव. वडीत डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिस यांचे कमजोर केलेले जिवंत विषाणू असतात. पातळ द्रवात बहुतेकदा लेप्टोस्पायरोसिसचे मेलेले जंतू असतात, आणि त्याच द्रवात ती वडी विरघळवून सुईत ओढतात. रेबीजची लस वेगळी, तिच्यात मेलेला विषाणू असतो. मेलेल्या विषाणूकडं शरीराचं लक्ष जावं म्हणून तिच्यात सहसा ॲल्युमिनियमचा क्षार घातलेला असतो. हा क्षार टोचलेल्या जागी मुद्दाम थोडी सूज आणतो, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी तिथं गोळा होतात. रेबीजच्या सुईनंतर गाठ आणि ठणका थोडा जास्त का दिसतो, त्याचं कारण हे. ताप, सुस्ती, भूक मंदावणं हेसुद्धा त्याच पेशींनी सोडलेल्या रसायनांचं काम.

म्हणून हलकं दुखणं म्हणजे लस बिघडली असं नाही. आणि काहीच दुखलं नाही म्हणून लस लागू पडली नाही, असंही नाही.

दवाखान्यातून निघायच्या आधी

अर्धी काळजी इथंच घेतली जाते. सुई टोचायच्या आधी डॉक्टरांना तीन गोष्टी स्वतःहून सांगा: गेल्या आठवड्यात जुलाब, ताप, खोकला काही झालं का, अंगावर गोचिड आहेत का, आणि मागच्या लशीनंतर काय झालं होतं. आजारी कुत्र्याला लस पुढं ढकलायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण त्यांना माहीत तर पाहिजे.

टोचून झालं की विचारा, ‘कुठं टोचलं, उजवीकडं की डावीकडं?’ दोन सुया असतील तर कुठली कुठं, तेही विचारा. लसीकरणाच्या कार्डावर बाटलीचं स्टिकर लावतात, त्याच्या शेजारी पेनानं तेवढं लिहून ठेवा. घरी गेल्यावर गाठ लागली तर ती सुईचीच आहे की आधीपासूनची, हे या एका ओळीवरून कळतं.

मग २० ते ३० मिनिटं तिथंच थांबा. दवाखान्याच्या बाहेर झाडाखाली, रिक्षात, कुठंही, पण दार दिसेल इतक्या जवळ. कागल, पन्हाळा, हातकणंगल्याकडनं कोल्हापूर शहरात कुत्रं घेऊन येणाऱ्यांनी तर हे चुकवूच नये, कारण वाटेत काही झालं तर मागं फिरण्यात मोलाचा वेळ जातो. पहिले काही तास घरी आल्यावरही त्याला एकटं सोडू नका.

या काळात पुढचं काहीही दिसलं तर घरगुती उपाय नाहीत, सरळ दवाखाना:

- ओठ, पापण्या किंवा अख्खं तोंड सुजणं, अंगावर गांधी उठणं, वेड्यासारखं खाजवणं
- लागोपाठ उलट्या, अचानक पातळ जुलाब, विशेषतः रक्ताचे
- हिरड्या पांढुरक्या पडणं, लटपटणं, कोसळणं
- धाप लागणं, घशातून शीळ घातल्यासारखा आवाज

कुत्र्याला जोराची ॲलर्जी आली की तिचा पहिला तडाखा बऱ्याचदा यकृताला आणि आतड्याला बसतो. त्यामुळं श्वासाचा त्रास दिसायच्या आधीच उलटी-जुलाब सुरू होतात. लस घेतल्यावर तासाभरात लागोपाठ उलट्या होत असतील तर ‘गाडीनं ढवळलं असेल’ असं समजून थांबू नका. निघताना डॉक्टरांना फोन करा, म्हणजे ते तयारीत राहतील.

घरी आल्यावर

पहिल्यांदा जागा. आपल्याकडं बऱ्याच घरांत शहाबादी फरशी असते, पावसाळ्यात ती गारठलेली आणि ओलसर. दुखऱ्या अंगाचं कुत्रं त्या फरशीवर आखडतं. जुनी वाकळ दुमडून चार घड्या करा आणि वर्दळीपासून बाजूला, भिंतीकडेला अंथरा. उन्हाळ्यात उलट, ताप असेल तर त्याला गार फरशी हवी असते, तेव्हा वाकळ शेजारी ठेवा आणि कुठं पडायचं ते त्याला ठरवू द्या. पत्र्याखाली किंवा गच्चीवर बांधायचं नाही.

दुसरी गोष्ट भांड्याची, जी कुणी सांगत नाही. मानेवर किंवा खांद्यावर सुई असेल तर जमिनीवरच्या भांड्यापर्यंत मान वाकवताना तिथली कातडी ताणली जाते. कुत्रं भांड्यापाशी येतं, वास घेतं, मान थोडी खाली नेतं आणि मागं सरतं. आपल्याला वाटतं भूक मेली. जेवणाचा पाट मांडा किंवा दोन विटा रचून त्यांच्यावर भांडं ठेवा, छातीच्या उंचीला येईल असं. बरीच कुत्री तेवढ्यानं खायला लागतात. पाण्याच्या भांड्याचंही तसंच करा. त्यांना पाणी कमी पडू देऊ नका.

गळ्यातला पट्टा काढून ठेवा. बाहेर न्यायचंच असेल तर छातीचा पट्टा घाला, आणि सुई खांद्यावर असेल तर तो दुखऱ्या जागी घासत नाही ना ते बघा. उचलताना काखेत हात घालून वर ओढू नका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांच्या मागनं, आणि अंगाला टेकवून सावकाश. जिना चढ-उतार आणि सोफ्यावर उड्या दोन दिवस बंद. शू-शीसाठी दिवसातून तीन-चार वेळा दोरीला धरून हळू चालवा. थोडं चालल्यानं आखडलेपण कमी होतं. रंकाळा तलावावर नेऊन दुसऱ्या कुत्र्यांबरोबर धुडगूस घालायला सोडणं मात्र नको. पिल्लू असेल तर लशींचा पूर्ण कोर्स होऊन दोनेक आठवडे जाईपर्यंत रस्त्यावर खाली ठेवूच नका, पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने तग धरतो.

शेक

पहिल्या दिवशी थंड. फ्रीजमधले तीन-चार बर्फाचे खडे पंच्यात गुंडाळा आणि टोचलेल्या जागी ५ ते १० मिनिटं नुसते टेकवून धरा. केस दाट असतील, पॉमेरेनियनसारखे, तर बोटांनी भांग पाडून कातडीपर्यंत गारवा पोचू द्या. दिवसातून दोन-तीनदा पुरे. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी जागा घट्ट झाली असेल तर कोमट पाण्यात पिळलेलं फडकं. आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा; आपल्याला सुखद वाटलं तरच त्याला. ताप असेल तर गरम शेक टाळा. शेक चालू असताना कुत्रं अंग सैल सोडतंय की सरकतंय यावर नजर ठेवा. सरकलं तर थांबा.

चोळायचं नाही. ‘जरा चोळलं की औषध पसरंल’ ही समजूत जुनी आहे, पण सुजलेल्या जागी चोळल्यानं दुखणं वाढतं, आणि कुत्रं चावू शकतं. गरीब स्वभावाचं, मांडीवर झोपणारं कुत्रंही अचानक दुखऱ्या जागी हात पडला की तोंड घालतं. घरात लहान मुलं असतील तर त्यांना दोन दिवस गळ्यात पडू देऊ नका. कारण सांगितलं की मुलं ऐकतात: ‘तुला सुई दिल्यावर दंडाला कुणी हात लावलेला चालतो का?’

शेजारच्या मावशी हळद-चुन्याचा लेप सुचवतील, मनापासूनच सुचवतील. लावू नका. चुना कातडी भाजतो आणि कुत्रं लेप चाटतं. डोकेदुखीचे, पाठदुखीचे बाम तर अजिबात नकोत. त्यांतला कापूर आणि मिथाईल सॅलिसिलेट चाटून पोटात गेलं तर विषबाधा होते.

अंघोळ आठवडाभर पुढं ढकला. गोचिडांसाठी पाठीवर टाकायचे थेंब त्याच सुमारास टाकायचे असतील तर डॉक्टरांना विचारून दिवस ठरवा, नाहीतर जागा लाल झाली की कशामुळं, तेच कळत नाही.

खाणं: कोल्हापूरकरांसाठी थोडं जास्त

मोठं कुत्रं एक वेळ जेवलं नाही तर घाबरू नका. मऊ भात आणि बिनमिठाचं, हाडं काढलेलं उकडलेलं चिकन, किंवा भात आणि चमचाभर दही, थोडंथोडं, दिवसातून चार वेळा. किंचित कोमट केलं की वास सुटतो आणि खाण्याची इच्छा होते. २४ तास काहीच पोटात गेलं नाही तर फोन करा. तीन-चार महिन्यांच्या आतलं पिल्लू, त्यातही छोट्या जातीचं, यांच्यासाठी ही मर्यादा १२ तासांची धरा, कारण त्यांची साखर पटकन उतरते.

आता अवघड भाग. कुत्रं जेवत नाही म्हटलं की जीव तुटतो, आणि कुणीतरी रविवारच्या मटणातला रस्सा भातावर ओततं. चवीनं ते खातंही. आपला तांबडा असो की पांढरा, दोन्हींत लसूण आहे, आणि तांबड्यात तर कांदा-लसूण मसाला असतोच. कांदा आणि लसूण, कच्चे, शिजवलेले किंवा भुकटी केलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. परिणाम लगेच दिसत नाही, काही दिवसांनी दिसतो: सुस्ती, फिकट हिरड्या, गडद रंगाची लघवी. तोपर्यंत रस्सा विसरलेला असतो आणि नाव लशीचं होतं. शिजलेली हाडंही नकोत, ती टोकदार फुटतात.

दुधाचंही सांगायला हवं. गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध पिऊन वाढलेल्या गावात दूध हे अशक्तपणावरचं पहिलं औषध. पण मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, आणि म्हशीच्या दुधाची चरबी पोटाला जड जाते. जुलाब लागले तर ते दुधाचे की लशीचे, हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. हे दोन दिवस दूध बंद ठेवा.

घरातल्या गोळ्या

इथं मी कडक बोलणार आहे. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड, ॲस्पिरिन, आणि यांच्या मिश्रणाच्या ज्या गोळ्या प्रत्येक घरच्या डब्यात असतात, त्यांतली एकही कुत्र्याला द्यायची नाही. अर्धी करून नाही, पाव करून नाही. पॅरासिटामॉल यकृताला आणि रक्ताला इजा करतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकनं जठरात जखमा होतात आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. डायक्लोफेनॅक तर गिधाडांच्या जिवावर उठलं म्हणून २००६ साली आपल्याकडं जनावरांसाठी बंदच झालं.

डॉक्टर गरज पडली तर मेलॉक्सिकॅमसारखं औषध वजनावर देतात. हेच औषध माणसांसाठीही येतं आणि त्यातनंच घोटाळा होतो. १० किलोच्या कुत्र्याला रोजचा डोस साधारण १ मिलिग्रॅमचा. माणसाची गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची. गोळीचे तुकडे करून हा हिशोब जुळत नाही, म्हणून कुत्र्यांसाठीचं पातळ औषध त्याच्याच पिचकारीनं, पोटात अन्न असताना, सांगितले तेवढेच दिवस द्या. मागं कधी दिलेली स्टेरॉइडची गोळी घरात असेल तर ती मनानं जोडीला देऊ नका. दोन्ही मिळून जठराचं वाटोळं करतात. ॲलर्जीची गोळीही विचारल्याशिवाय नको.

ताप मोजणं

नाक गरम म्हणजे ताप, हे खरं नाही. झोपून उठलेल्या निरोगी कुत्र्याचं नाकही कोरडं आणि गरम असतं. डिजिटल थर्मामीटर घ्या, तो फक्त कुत्र्यासाठी बाजूला काढा. टोकाला खोबरेल तेल लावा. एकानं कुत्र्याचं डोकं छातीशी धरून बोलत राहायचं, दुसऱ्यानं शेपटी उचलून गुदद्वारात टोक साधारण एक इंच आत घालायचं आणि बीप होईपर्यंत धरायचं. कुत्रं चिडत असेल तर जबरदस्ती करू नका.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, आपल्यापेक्षा जास्त. लशीनंतर १०३ च्या आसपास गेलं आणि कुत्रं पाणी पितंय, हाकेला बघतंय, तर थांबता येतं. चार तासांनी पुन्हा मोजा. १०४ किंवा वर गेलं तर दवाखाना. थर्मामीटर नसेल तर गाढ झोपेत श्वास मोजा: एका मिनिटात ३० च्या खाली असले पाहिजेत. आणि वरचा ओठ उचलून हिरडी दाबून बघा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत गुलाबी झाली तर रक्ताभिसरण ठीक आहे.

दोन दिवस झाले, उतरलं नाही

तिसऱ्या दिवशीही ताप, सुस्ती, लंगडणं असेल तर रक्त तपासून घ्या. आपल्या भागात गोचीड ताप भरपूर आहे. त्याचे जंतू अंगात दबा धरून असतात, आणि लशीच्या दिवशी कुत्रं वरवर ठणठणीत दिसू शकतं. कानाच्या आतली घडी, बोटांच्या बेचक्या, मानेचा पट्टा असतो ती जागा, एवढं बघून जा आणि गोचीड सापडली तर डॉक्टरांना सांगा. हिरड्यांवर किंवा पोटावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, नाकातून रक्त, अशी लक्षणं असतील तर सकाळची वाट बघू नका.

पुराच्या पाण्यातनं चालून आलेल्या कुत्र्याचं आणखी वेगळं. ताप, उलट्या, डोळ्यांत पिवळेपणा आणि अंग दुखणं ही लेप्टोस्पायरोसिसची लक्षणं आहेत. तो उंदराच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून येतो आणि माणसांनाही होतो, म्हणून अशा कुत्र्याची लघवी साफ करताना हातमोजे घाला. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी ज्या घरांत शिरलं, त्यांनी लेप्टोची लस मे महिन्यातच आटपावी. पहिल्यांदा घेत असाल तर तिचे दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, आणि मग दरवर्षी एक.

राहिलेली गाठ

वाटाण्याएवढी ते सुपारीएवढी गाठ टोचलेल्या जागी राहू शकते. कारवान जातीसारख्या आखूड केसांच्या, पातळ कातडीच्या कुत्र्यांत ती लांबूनही दिसते. लॅब्राडॉरमध्ये हाताला लागेपर्यंत कळत नाही. साधारण दोन-तीन आठवड्यांत ती विरते. रोज चाचपू नका, आठवड्यातून एकदा बोटाच्या पेरानं मापून लिहा. गाठ गरम लागली, फुटून पाणी-पू आला, किंवा पहिल्या आठवड्यानंतरही वाढत असली तर लगेच दाखवा. तीन आठवड्यांनी होती तेवढीच असली तरी दाखवा. २ सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा तीन महिन्यांनीही टिकली, तर सुईनं तुकडा काढून तपासायला सांगा.

छोट्या, लांब केसांच्या कुत्र्यांत रेबीजच्या सुईच्या जागी कधीकधी काही महिन्यांनी केस जाऊन गुळगुळीत चकंदळ पडतं. दुखत नाही, पण डॉक्टरांना दाखवून ठेवा, कारण पुढची सुई कुठं द्यायची ते त्यावरून ठरतं.

पुढच्या लशीची तारीख

एकदा दुखलं म्हणून पुढचा डोस चुकवू नका. रेबीजची लक्षणं सुरू झाली की कुत्रं काय आणि माणूस काय, जवळजवळ कुणीच वाचत नाही; दोन दिवसांच्या ठणक्याशी त्याची तुलनाच नाही. त्रास झाला असेल तर लस कशी द्यायची ते बदलता येतं. १० किलोच्या आतल्या कुत्र्यांना एकाच दिवशी जास्त सुया दिल्या की त्रासाची शक्यता वाढते, त्यामुळं रेबीज आणि ‘नाइन इन वन’ यांच्यात दोन-तीन आठवडे सोडायला सांगा. वेळ सकाळची घ्या आणि दिवस असा, की संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशीही दवाखाना उघडा असेल. शनिवारी संध्याकाळी टोचून आणलं आणि रविवारी सगळीकडं कुलूप, असं नको. चेहरा सुजणं किंवा कोसळणं मागं कधी झालं असेल, तर पुढची लस द्यायची का, कोणती आणि कुठल्या तयारीनं, हे आधी डॉक्टरांशी बसून ठरवा. ऐनवेळी कंपाउंडरकडून टोचून घेऊ नका.

आणि कार्डावर, स्टिकरच्या शेजारी, एवढं लिहा: ‘रेबीज, उजवा खांदा. संध्याकाळी ५ ला सुस्त, ताप १०२.९. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवला. गाठ सुपारीएवढी, तिसऱ्या आठवड्यात गेली.’ पुढच्या वर्षी सुई भरायच्या आधी ते पान डॉक्टरांपुढं उघडून ठेवा.